देवाचं सॅम्पल आणि एक जोड चप्पल

लूमच्या खात्यात, यंत्रमागांच्या कारखान्यात, ज्याने आयुष्य काढलं त्याला एक गोष्ट ठाऊक असते. चिंधी कोणी जमवत नाही, ती आपोआप साचते. सकाळी मशीनखाली काही नसतं आणि पाळी सुटायच्या वेळी गोणी भरलेली असते. आमच्या ओट्यावरच्या गोष्टींचं तसंच झालंय. रोज संध्याकाळी बसायचं, दोन शहाण्यांची भांडणं ऐकायची आणि घरी जायचं. आता गोणी उचलवत नाही, म्हणून म्हटलं थोडी रिकामी करावी.

मी शाळेत गेलेलो नाही. अक्षरं शिकलो ती धाग्याच्या खोक्यांवरची नावं वाचून. तेव्हा काना-मात्रा बघू नका.

ओटा म्हणजे सुरतेत डिंडोलीला आमच्या सोसायटीच्या देवळाबाहेरचा. त्याच्या एका टोकाला देवरे सर बसतात. मराठी शाळेत विज्ञान शिकवायचे, आता रिटायर. त्यांचं म्हणणं, देवावरची श्रद्धा लॉजिकने सिद्ध करता येते, गणितासारखी. दुसऱ्या टोकाला जगन आप्पा. पलसाण्याच्या डाईंग मिलमध्ये कलर मास्टर होते. पार्टीने, म्हणजे गिऱ्हाइकाने, दिलेल्या सॅम्पलशी रंग जुळला तरच ते माल पास करायचे. देवाचंही तसंच.

"सर, सॅम्पल दाखवा," आप्पा म्हणतात. "मॅच झालं तर पास करतो."

मधे मी. लूमच्या आवाजाने माझा एक कान गेलाय. जो जास्त बोलत असेल त्याच्याकडे मी तो कान करतो. कधी डावीकडे तोंड, कधी उजवीकडे. देवळात येणाऱ्या बाया म्हणतात, नानांची मान आता हलकी झालीय.

*

एके दिवशी सरांना मोबाईलवर काहीतरी आलं होतं. मोठ्या आनंदात आले. म्हणाले, आज आप्पांचं तोंड बंद. कापड दिसलं म्हणजे विणणारा आहे, हे मान्य? मान्य. मग एवढं जग दिसतंय, म्हणजे ते विणणारा कोणीतरी असणारच. आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "नाना, तुम्ही सांगा. तुम्ही तर स्वतः विणकर."

मी फार विचार करून बोलतो, तेवढ्यात माणसं कंटाळतात. पण ते दोघं थांबले. म्हणून खरं ते सांगितलं.

"सर, मी आठ लूम सांभाळायचो. कापड निघायचं तेव्हा बऱ्याचदा मी बाहेर चहा पीत असायचो."

आप्पा इतके हसले की त्यांना ठसका लागला. सर चिडले. म्हणाले, अहो, पण धागा तुटला की जोडायला तुम्हीच येत होता ना?

तेव्हा आप्पांचं हसू थांबलं. माझ्या डाव्या पायाकडे बघत म्हणाले, "मग नानाच्या पायावर बीम पडला, तेव्हा तुमचा विणकर कुठे चहा पीत होता?"

मी चांगला कान देवळाकडे करून बसलो.

*

आता त्या पायाचं सांगायला हवं, कारण पुढची सगळी कटकट तिथूनच आहे.

बीम म्हणजे ताण्याचा धागा गुंडाळलेला मोठा रूळ. चार माणसं लागतात उचलायला. बऱ्याच वर्षांपूर्वी तो ट्रॉलीवरून घसरला आणि माझ्या डाव्या पायावर आला. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, दुपारपर्यंत बघू, नाहीतर पाय काढावा लागेल. आमच्या घरचीने ते ऐकलं आणि ती जिना उतरून खाली गेली. पायरीवर चपला काढल्या आणि तिथेच उभी राहून कानबाईला, आमच्या खान्देशच्या देवीला, नवस बोलली. आमच्या अहिराणीत बोलली. "यासना पाय वाचाड माय, मी मना पाय उघडा ठेवसू." म्हणजे ह्यांचा पाय वाचव, मी माझा पाय उघडा ठेवीन.

माझी दोन बोटं गेली, पाय राहिला. तिच्या पायरीवरच्या चपला कोणीतरी नेल्या. तेव्हापासून ती अनवाणी. उन्हाळ्यात सुरतेचा डांबरी रस्ता काय असतो, हे तिच्या तळव्यांना विचारा.

इतकी वर्षं चाललं. आता तिला शुगर निघाली आणि उजव्या तळव्याला एक जखम, महिने झाले तरी भरत नाही. डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, काका, ह्या अशाच अनवाणी फिरल्या तर पाय जाईल.

मी ओट्यावर आलो आणि हात जोडले. दोघांना म्हटलं, तुम्ही इतकी वर्षं वाद घालताय. मी आपणहून एकदाही मधे बोललो नाही. आता माझ्यासाठी एक वाद जिंका. माझ्या बायकोच्या पायात चप्पल घाला.

*

पहिली पाळी सरांची. ते कॅनव्हासचे बूट घेऊनच घरी आले. खुर्चीवर बसून त्यांनी तिला शिकवलं. वहिनी, तुम्ही सोडली चप्पल. हा बूट आहे. चप्पल वेगळी, बूट वेगळा. म्हणजे बूट घातल्याने नवस मोडत नाही. लॉजिक आहे.

ती चहा गाळत होती. गाळणं आपटून म्हणाली, "सर, देवीले काय कमी समजस का?"

सर म्हणाले, नाही, तसं नव्हे, पण शब्दाचा अर्थ... तिने कप पुढे केला. सर चहा प्यायले आणि उठले. ते बूट आता सरच सकाळी फिरायला घालतात. त्यांना लहान होतात.

जाता जाता मला म्हणाले, "नाना, वहिनींची श्रद्धा फार पक्की आहे. मला आनंद झाला."

मी आत वळलो. जखमेचं ड्रेसिंग मला करायचं होतं.

*

श्रावणात आमच्याकडे कानबाई बसते. नारळालाच डोळे, नथ लावून नटवायचं, साडी नेसवायची आणि चौरंगावर बसवायचं. खान्देशातून आलेल्या प्रत्येक गल्लीत तो दिवस दिवाळीसारखा असतो. सर दर्शनाला आले आणि तिथेही सुरू. म्हणे आपले पूर्वज अडाणी नव्हते, नारळच का निवडला? नारळाच्या पाण्यात क्षार असतात, अशक्त माणसाला ताकद देतात. सायंटिफिक आहे सगळं.

घरची देवीला हळद-कुंकू लावत होती. मागे न बघता म्हणाली, मग पुढच्या वर्षी चौरंगावर सलाईनची बाटली बसवू का?

बाया तोंडाला पदर लावून हसल्या. सर म्हणाले, मी देवीच्याच बाजूने बोलत होतो!

दुसऱ्या दिवशी कानबाई विसर्जनाला तापीवर निघाली. ढोलापुढे सगळ्यात जास्त कोण नाचलं असेल? जगन आप्पा. घामाने शर्ट चिकटला होता. सरांनी गाठलं त्यांना, म्हणाले, आता कुठे गेलं तुमचं सॅम्पल? आप्पांनी नाच थांबवला नाही.

"नाचायला लॉजिक लागत नाही, सर. ढोल लागतो."

घरची त्या गर्दीत अनवाणी चालत होती, उजवी टाच उचलून. मी मागून बघत होतो. मला ना सरांचं काही ऐकू येत होतं, ना ढोल.

*

मग आप्पांची पाळी. त्यांनी गिरणीतली रीत काढली. सगळा माल एकदम रंगवत नाहीत, आधी छोटा तुकडा रंगवून बघतात. तिला म्हणाले, वहिनी, आठच दिवस चप्पल घाला. नानाला काही झालं नाही तर घालत राहा. झालं तर काढून टाका.

प्रयोग माझ्यावर होता, पण मला कोणी विचारलं नाही.

ती तयार नव्हती. मी ड्रेसिंग करताना दोन दिवस गप्प बसलो, तेव्हा कुठे हो म्हणाली. आप्पांनी मऊ तळव्याची चप्पल आणली. पहिला दिवस बरा गेला. दुसरा, तिसरा, चौथा. आप्पा रोज येऊन माझ्याकडे बघायचे, रंगवलेला लॉट सुकतोय का बघावं तसं.

पाचव्या दिवशी आम्ही दोघं देवळातून निघालो आणि मी पायरीवरून घसरलो. डावाच पाय. टम्म सुजला.

तिने तिथेच चपला काढल्या आणि देवळामागे टाकून दिल्या.

ओट्यावर मग आठवडाभर दुसरा विषय नाही. सर म्हणत, हा पुरावा. आप्पा म्हणत, हा योगायोग, नाना तर वर्षातून चार वेळा घसरतो, वहिनी अनवाणी असतानाही घसरतो. हे बरोबर होतं, म्हणून त्यांनी ते तिलाही जाऊन सांगितलं.

ती म्हणाली, "तेव्हा कमी लागायचं."

आप्पा परत आले आणि डोक्याला हात लावून बसले. खरं कारण मला माहीत होतं. इतक्या वर्षांनी तिच्या पायात चपला दिसत होत्या. मी पुढे न बघता तिच्या पायांकडे बघत चाललो होतो. पण हे दोघांपैकी कोणाच्याच कामाचं नव्हतं, म्हणून सांगितलं नाही.

*

जखम वाढली. डॉक्टरीणबाई आता काका न म्हणता नुसत्या बघायच्या. ओट्यावर सर म्हणत होते, श्रद्धा आणि आरोग्य यांत तत्त्वतः विरोध नाही. आप्पा म्हणत होते, तत्त्वतः म्हणजे काय, आधी ते सांगा. माझं डोकं उठलं. मी कधी आवाज चढवत नाही, त्या दिवशीही चढवला नाही. नुसता उठलो, देवळात गेलो आणि माझ्या चपला हातात घेऊन घरी आलो.

तिने विचारलं, पायात का नाही घातल्या?

"मीबी नवस बोललो," म्हटलं. "तू बोललीस तेच. तुझा पाय वाचू दे, मी माझा पाय उघडा ठेवीन."

ती भडकली. म्हणाली, ह्या फुटक्या पायाने अनवाणी फिरणार? काच घुसली तर? तुमचा पाय गेला तर माझा इतक्या वर्षांचा नवस कुठे गेला? सोडा तो.

"तू सोड."

"देवीले दिधेल शब्द कोनी माघारे लेस का?"

म्हणजे, देवीला दिलेला शब्द कोणी परत घेतं का?

"मीबी तेच म्हणतो."

ती भाकऱ्या थापायला बसली. आठ दिवस मी अनवाणी फिरलो आणि आठ दिवस ती माझ्याशी बोलली नाही. ओट्यावर दोघांचं चाललंच होतं. सर म्हणत, दोन्ही नवस खरे, म्हणून दोघांचे पाय वाचायला हवेत. आप्पा म्हणत, दोन्ही नवस धरले तर दोघांचे पाय जाणार. मी पायाला टोचलेला खडा काढत बसायचो.

*

नवव्या दिवशी संध्याकाळी ती ओट्यापाशी आली. ती कधी येत नाही. हातात भाजीची पिशवी. आम्ही तिघांनीही आधी तिच्या पायांकडे बघितलं.

उजव्या पायात माझी चप्पल होती. डावा पाय उघडा.

तिने पिशवीतून दुसरी चप्पल काढली, डावी, आणि माझ्या डाव्या पायापुढे ठेवली.

सरांनी तोंड उघडलं. तिने हात वर केला, वर्गातल्या पोराला गप्प करतात तसा.

"मी काय बोलेल व्हतू? पाय. एक पाय वाचना, एक पाय दिधा." म्हणजे, नवसात पाय एकच होता: एक वाचला, एक दिला. मग माझ्याकडे बोट केलं. "यासनाबी तेच."

मी चप्पल पायात घातली. सर आप्पांकडे बघत होते आणि आप्पा सरांकडे.

"सर," आप्पा हळूच म्हणाले, "हे तुमच्या लॉजिकमध्ये बसतं का?"

"नाही," सर म्हणाले. "तुमच्या सॅम्पलशी जुळतं?"

आप्पांचं उत्तर मला ऐकू आलं नाही. आम्ही दोघं भाजीला निघालो होतो. गल्लीतली पोरं हसत होती. मी जरा भराभर चालायला लागलो, तशी तिने माझी बाही ओढली.

"हळू चाला," म्हणाली. "चप्पल मले मोठी होस."