ही भाजी कोणाच्या बाजूची?

जगात कधी प्रश्नांचा तुटवडा पडलाच, तर सरकारनं फार धावाधाव करू नये. सरळ तेलंगणाच्या सीमेवरच्या तामसीची बस धरावी आणि आमच्या मावसाजींच्या घरी उतरावं. साऱ्या देशाला वर्षभर पुरतील एवढे प्रश्न त्यांच्याकडे सकाळच्या चहाआधीच तयार असतात. शेतमजुरी करणाऱ्या आईबापांचा हा मुलगा शिकून विज्ञानाचा मास्तर झाला तो, माझी खात्री आहे, पगारासाठी नव्हे, तर दिवसभर 'काऊन', म्हणजे 'का', विचारायची अधिकृत सोय व्हावी म्हणून. निवृत्तीबरोबर ती सोय गेली आणि गाव संकटात सापडलं. कंडक्टरला ते तेलुगूत 'एंदुकू' विचारतात, व्यापाऱ्याला हिंदीत 'क्यों', आणि दोघंही त्यांना लांबून पाहिलं की एकदम कामात गढून जातात. तरुणपणी मावशीला बघायला आले तेव्हा बाकीची मंडळी मुलीचं शिक्षण, स्वयंपाक वगैरे विचारत होती; यांनी विचारलं, "हळदीच्या डागाले साबण लावला की तो लाल काऊन होते?" मावशी मान खाली घालून म्हणाली, "धुतला की परत पिवळा होते. ते काऊन, तुमी सांगा." लग्न तिथंच ठरलं.

मध्यंतरी मावशीच्या स्तनात गाठ निघाली. कॅन्सरची. नागपूरला उपचार सुरू झाले. दुसरा कोणी हातपाय गाळून बसला असता. मावसाजींनी गाठीलाच 'काऊन' विचारायला घेतलं. फोनवर वाचत, ओळखीच्या प्राध्यापकांना भंडावत ते भलतेच खोल गेले. एकदा मला भिंतीवरच्या विजेच्या बोर्डासमोर उभं करून म्हणाले, "हे पाह्य, पेशीतली जनुकं म्हंजे बटनं. बटनं तीच राह्यतात. पन कोन्त्या बटनावर चिकटपट्टी लावून ते बंद ठेवाचं, हे बदलत राह्यते. कॅन्सरच्या पेशीत कवा कवा 'वाढ थांबव' या बटनावरच पट्टी बसते. आन् पट्टीचं सामान येते कुठून? ताटातून."

इथपर्यंत मीही रंगून ऐकत होते. पंचाईत पुढे झाली. पालेभाजीतल्या ज्या जीवनसत्त्वातून ही पट्टी बनते, तेच वाढत्या पेशींनाही लागतं, असं त्यांच्या वाचनात आलं. झालं! आंबाडीची भाजी समोर आली की ते तिच्याकडे संशयानं बघत आणि विचारत, "ही भाजी कोनाच्या बाजूची?" सोयाबीनचं शेत तर आमच्याकडे दारापर्यंत आलेलं, पण त्यात बाईच्या संप्रेरकासारखं काहीतरी असतं, थोडं दिलं तर प्रयोगशाळेतल्या पेशी वाढतात आणि जास्त दिलं तर थांबतात, हे कळल्यावर सोयाबीन तडीपार झालं. दूध संशयित ठरलं, अंड्याची चौकशी चालू राहिली. माणूस न्यायी, त्यामुळे जे तिला नाही ते त्यांनाही नाही. शेवटी दोघांच्या ताटात उरली पातळ आंबील. औषधानं आधीच मावशीच्या तोंडाची चव गेलेली. ती एवढंच म्हणाली, "चौकशी चालू द्या. पन भूक कोनाच्या बाजूची, ते बी इचारा." मला मावसाजींचा राग येत होता आणि त्यांच्याकडे बघून भरूनही येत होतं.

पुढच्या डोससाठी नागपूरला गेलो तेव्हा मी सोबत होते. दोघंही सारखेच वाळलेले; नर्सनं आळीपाळीनं पाहिलं आणि पेशंट समजून मावसाजींनाच वजनकाट्यावर उभं केलं. तेही मुकाट्यानं चढले आणि काटा कसा चालतो ते विचारू लागले. मावशी कितीतरी दिवसांनी खळखळून हसली. मग तिचं वजन झालं, आणि कोणी हसलं नाही.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी मावसाजींचे सगळे प्रश्न ऐकून घेतले, मग शांतपणे म्हणाल्या, "सर, तुमचा प्रश्न खरा आहे. आम्हीही तोच विचारतोय. पण तो अभ्यास बराचसा काचेच्या बशीतल्या पेशींवर झालाय. तिथं एकच पदार्थ शुद्ध करून घालतात. काकू जेवण जेवतात. त्यातलं गाठीपर्यंत काय पोचतं आणि तिथं काय करतं, हे अजून नीट कळलेलं नाही. आपल्या मनानं गोळ्या-पावडरी देऊ नका. बाकी घरचं सगळं खाऊ द्या. वजन असंच उतरलं तर मला डोस लांबवावा लागेल, आणि ते परवडणारं नाही." मग त्यांनी विचारलं, "अजून काही विचारायचंय?"

मावसाजी मावशीला हात देऊन उठले. बाहेर बाकड्यावर बसल्यावर मला म्हणाले, "पोरी, मी तिले वाचवाले गेलो, आन् तिच्याच म्होरचं ताट ओढलं."

ताटात सगळं परत आलं आणि त्या महिन्यात डोस लांबला नाही. आता उपचार संपलेत. अधूनमधून तपासणीला जावं लागतं आणि रिपोर्ट हातात येईपर्यंत घरात कोणी मोठ्यानं बोलत नाही. मावसाजींचं वाचन थांबलेलं नाही. त्या पट्ट्या औषधानं सोलता येतात म्हणे, कुठवर आणि कशा, हे ते मला फोन करून सांगतात, आणि मला ते ऐकायला आवडतं. पण जेवताना एकच प्रश्न उरलाय. मावशीशेजारी बसून ते स्वतः वाढतात आणि भाकर हातात धरून विचारतात, "अजून देऊ?" तिचं पोट केव्हाच भरलेलं असतं, हे मलाही दिसतं. ती त्यांच्या तोंडाकडे बघते, ताट थोडं पुढे सरकवते आणि म्हणते, "द्या अर्धी."