मीठ न बनवणारा माणूस

उरणला कॉलेजच्या एसटीची वाट पाहताना तो म्हातारा मला मिठागराच्या बांधावर रोज दिसे. भरतीचं पाणी बोटाने चाखायचा, थुंकायचा आणि ते कमी खारट लागलं की पलीकडच्या कामगाराला ओरडायचा, "फळी टाक रे!" मिठागरात येणाऱ्या पाण्याच्या वाटेत फळी पडायची, पाणी अडायचं. नाहीतर तयार मीठ विरघळलं असतं.

एकदा नवा मॅनेजर त्याला म्हणाला, "बाबा, तुम्ही मीठ बनवत नाही. उद्यापासून येऊ नका."

"व्हय, बनवत न्हाय. पन पानी कवा अडवायचा, त मीच सांगतो ना सायेब?"

माझा संताप झाला. आमच्या घरातली कॉलेजात गेलेली पहिली मी. शिकलेल्यांबद्दल केवढा आदर मला! पण जीवशास्त्राच्या वर्गात नुकतंच शिकले होते: पेशीतले काही आरएनए प्रथिनं बनवत नाहीत, म्हणून शिकलेल्यांनीच त्यांना वर्षानुवर्षं कचरा म्हटलं. आता दिसतंय, त्यांतले काही शेजारच्या पेशीत जाऊन तिथलं काम थांबवत असावेत. मी हे मॅनेजरला तिथेच सुनावलं.

"मॅडम, हे परीक्षेत लिहा," तो हसला.

म्हातारा मला म्हणाला, "तुज्या त्या कचऱ्याला कामावरशी कोन काढनार गो बाय?"

मग जाता जाता त्याने पाणी चाखलं आणि हाक दिली. फळी पडली. मॅनेजरचं मीठ वाचलं.