बसा गाडीवर

आमच्या गावात बाईमाणसानं नुसतं चालणं म्हणजे गुन्हा आहे. खुरपं घेऊन चाला, दळणाचा डबा घेऊन चाला, कोणी हूं की चूं करत नाही. पण हात रिकामे दिसले की जो तो गाडी थांबवतो. “कुठं निघाल्या काकू? बसा मागं.” नाही म्हटलं तर त्याला राग. वर संध्याकाळपर्यंत गावभर होतं की हिच्या घरात काहीतरी बिनसलंय.

माझ्या थोरल्या जाऊबाईंना शुगर आहे. राहुरीच्या डॉक्टरांनी सांगितलं, रोज अर्धा तास चाला. मी शाळेतून निवृत्त झालेली, मला वेळच वेळ. आम्ही दोघी सकाळी कालव्याच्या कडेनं जायला लागलो. जाऊबाई धोरणी. कामाला निघाल्यासारखं दिसावं म्हणून हातात रिकामी बादली घ्यायच्या. मला त्या बादलीची भयंकर चीड यायची.

पाचव्या दिवशी त्यांच्या मुलाला पारावर कुणीतरी टोकलं, “दारात दोन गाड्या, अन् आई पायी हिंडती व्हय?” झालं, साहेबांची अब्रू गेली. त्या दिवसापासून तो आईला देवळातसुद्धा गाडीवरून न्यायला लागला. देऊळ आमच्या ओट्यावरून दिसतं! गावात आरोग्य शिबिर झालं, ‘रोज चाला’ असा फलक लावून. तिथंही गाडीवरूनच. तो एकटा कशाला, शेजारच्या आळीतले लोकही गाड्यांवरूनच आले होते. मी भांडले. जाऊबाईच म्हणाल्या, “जाऊ दे बाई, पोराला वाईट वाटतंय.”

शिबिरातून परतताना त्यांच्या पायातली चप्पल वाटेत गळून पडली. शुगरनं पाय बधिर झालेले, त्यांना पत्ताच नाही. दारात गाडी थांबताना अंगठा खडीवर घासला, तेही कळलं नाही. ओट्यावरचं रक्त मी पाहिलं. जखम चिघळत गेली आणि शेवटी नगरला नेऊन अंगठा काढावा लागला. चालायला लागू नये म्हणून जपलेल्या पायाचा! मला अजूनही हे आठवलं की संताप होतो, पोराचा कमी आणि पारावरच्या त्या तोंडाचा जास्त.

भेटायला येणारे तरी शहाणे असावेत? “आता अजाबात चालायचं न्हाई, अक्का.” हे ते गाडीवरून उतरता उतरता सांगायचे.

जखम भरली आणि डॉक्टरांनी पुन्हा चालायला सांगितलं. पहिल्या सकाळी पुतण्या सवयीनं किल्ली घेऊन दारात उभा होता. जाऊबाईंनी बादली उचलली, आपल्या पायाकडं पाहिलं आणि बादली त्याच्या हातात दिली. आम्ही निघालो. त्या लंगडत होत्या, मी त्यांच्या चालीनं चालत होते.

पारापाशी गाडी थांबलीच. “कुठं निघाल्या अक्का? बसा.”

“कुठंच न्हाई,” जाऊबाई सगळ्या पाराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. “चालायला निघालीया. तू हो पुढं.”