बादलीतले बावीस सांताक्लॉज

हेड ऑफिसच्या मॅडम जिना चढत होत्या आणि आमच्या नर्सरीचे बावीस सांताक्लॉज बाथरूममधल्या बादलीत एकेक करून विरघळत होते. सेंटर हेडने मला दबक्या आवाजात विचारलं, "मेघना, डिस्प्ले कुठाय?" मी बादलीकडे बोट दाखवलं.

हे असं का झालं, ते आधी सांगते.

डिलाईल रोडवरच्या एका प्रीस्कूलमध्ये मी नर्सरीला शिकवते. नर्सरी म्हणजे साडेतीन वर्षांची मुलं आणि दिवसभर जमिनीवर बैठक. चौदा वर्षांत माझे दोन्ही गुडघे कामातून गेले. त्या वर्षी कोऑर्डिनेटरची जागा रिकामी झाली. कोऑर्डिनेटरला केबिन असते आणि केबिनमध्ये खुर्ची असते, मोठ्या माणसाच्या मापाची. मला ती खुर्ची हवी होती, उगाच आडपडदा कशाला ठेवू. माझं आणि ज्युनिअर केजीच्या पल्लवीचं नाव पुढे गेलं होतं. ख्रिसमसचा डिस्प्ले बघून मॅडम ठरवणार होत्या.

डिस्प्ले म्हणजे मुलांनी केलेल्या वस्तू पालकांसाठी टेबलावर मांडायच्या. त्यातलं 'मुलांनी केलेल्या' हे आमच्या धंद्याचं गुपित. साडेतीन वर्षांच्या मुलाला गोंद दिला तर ते आधी चाटून बघतं. त्यामुळे वस्तू टीचर करते आणि शेवटी मुलाच्या हातून एक टिकली नाहीतर कापसाचा बोळा चिकटवून घेते. याला आम्ही 'फिनिशिंग' म्हणतो. खाली मुलाच्या नावाची पट्टी लावली की झालं. आपल्या पोराला हे जमणं शक्य नाही हे पालकांना पक्कं ठाऊक असतं, तरी गहिवरतात.

त्या वर्षी हेड ऑफिसचा सर्क्युलर आला: थर्माकोल, प्लास्टिक, चमकी बंद. सगळं इको-फ्रेंडली हवं. पल्लवीने जुन्या वह्यांच्या कागदाचं झाड केलं. मी लालबागची, शेजारीच मूर्तींचा कारखाना. तिथून मी शाडूची माती आणली. मुलं घरी गेल्यावर चार दुपारी बसून बावीस सांता वळले. उभा केला की पडायचा, म्हणून त्याला मांडी घालून बसवला. कोटाला गेरू फासला.

मुलांचं खाणं-धुणं बघणाऱ्या सुनंदा मावशींनी एक सांता उचलून निरखला.

"टीचर, सोंड राहिली काय?"

"मावशी, सांता आहे तो."

"असंल. पण मांडी आपलीच हाय."

मुलांनी दाढीला कापूस चिकटवला. फिनिशिंग झालं.

मॅडम अकराला येणार होत्या. पावणेअकराला सेंटर हेडने मला पालकांची यादी बघायला ऑफिसात बोलावलं. मुलं ब्लॉक्स घेऊन बसली होती आणि मावशी त्यांच्याजवळ होत्या. पण मॅडम येणार म्हणून कुणीतरी मावशींना जिना पुसायला पाठवलं. दहा मिनिटांनी मी परतले तर वर्ग रिकामा आणि टेबलही रिकामं.

बाथरूमच्या दारात रांग होती. चौदा वर्षांत मी इतकी सरळ रांग पाहिली नव्हती. प्रत्येकाच्या दोन्ही हातांत आपापला सांता. बादलीपाशी अन्वी होती, आमच्या लालबागचीच. तिने आपला सांता तीनदा पाण्याला लावला आणि अलगद सोडून दिला.

"अन्वी, काय करतेस?"

"विसर्जन," ती म्हणाली. माझ्या अज्ञानाची तिला कीव आली असावी. "टीचर, निर्माल्य काढून ठेवलंय."

कोपऱ्यात बावीस दाढ्यांचा ढीग होता.

ओरडायला उघडलेलं तोंड मी मिटलं. गणपतीत हे मीच शिकवलं होतं. माती हीच, बादलीही हीच. मातीची मूर्ती असली की आधी निर्माल्य बाजूला काढायचं, मग रांगेने विसर्जन करायचं, आणि ते पाणी झाडांना घालायचं. चार दिवस घोकून घेतलं होतं. वर्षभरात मी शिकवलेलं त्यांच्या लक्षात राहिलं ते एवढंच. मला रडू येत होतं. चार दुपारी पाण्यात गेल्या होत्या आणि त्यांच्यामागे खुर्ची.

तेवढ्यात मॅडम आल्या. रांगेत चार मुलं उरली होती.

"हे काय चाललंय?"

"सांता गावाला चाललाय," अन्वीने सांगितलं.

"कुठल्या गावाला?"

"कणकवलीला."

मॅडम खाली उकिडव्या बसल्या आणि चारही विसर्जनं त्यांनी शेवटपर्यंत पाहिली. मग उठून माझा हात धरला.

"मेघना, ब्रिलियंट. यालाच प्रोसेस म्हणतात. वस्तू केली, सोडून दिली, काही मोह नाही. कचराही शून्य. आणि टीचरचा हात लागल्याची एक खूण दिसत नाहीये."

खूण कुठून दिसणार, ती विरघळली होती. सांता मी केले, विसर्जन माझ्या नकळत झालं, हे सांगायची हीच वेळ होती. सेंटर हेड माझ्याकडे बघत होती. मी खुर्चीचा विचार केला.

"हो मॅडम," मी म्हणाले, "गणपतीपासूनच तयारी चालली होती."

पल्लवीच्या झाडाभोवती मुलांनी हात लावू नये म्हणून दोरी बांधली होती. मॅडम तिथे दोन मिनिटंही थांबल्या नाहीत. मला पल्लवीचं वाईट वाटलं, पण फार नाही.

आठ दिवसांनी पत्र आलं. कोऑर्डिनेटर पल्लवी.

मी तडक सेंटर हेडकडे गेले. "मॅडमना तर माझंच आवडलं होतं."

"म्हणून तर. त्या म्हणाल्या, अशी टीचर केबिनमध्ये बसवली तर मुलांचं नुकसान. मेघनाला नर्सरीतून हलवायचं नाही. आणि पल्लवीला मुलांपासून जरा लांबच ठेवा म्हणाल्या."

आता आमच्या सगळ्या शाखांत दर ख्रिसमसला सांताचं विसर्जन होतं. त्याचं ट्रेनिंग मीच देते. सांता अजूनही टीचरच वळतात. त्या दिवशी खरं सांगायला मला साधारण अर्धं मिनिट मिळालं होतं. ते घालवलं, आणि तेव्हा मिळालेली शाबासकी मी अजून जमिनीवर बसून निस्तरते आहे.