मोतीरामची राखण

जानेवारीतली थंडी ओझरच्या द्राक्षबागांमध्ये हाताची बोटं बधिर करत होती. उजाडताच छाया घडांतले सडके मणी काढायला लागली. नवरा मोतीराम सोबत होता, पण पहिला बार होईपर्यंतच. पलीकडच्या बागेत सहादूनं पाखरं हाकलायला कार्बाइडची नळी उडवली, ढाँय! तसा मोतीराम पाण्याच्या मोटारीच्या खोलीत शिरला आणि कान दाबून बसला.

विमानांचं त्याला काही नाही. ओझरात विमानांचा कारखाना, तिथं जन्मलेल्या माणसाच्या डोक्यावरून ती जायचीच. पण सुदानात साखर कारखान्यावर वेल्डर असताना तिथं लढाई पेटली. बारा दिवस लपून जीव वाचवून आला, आणि ते बार कानात घेऊनच आला.

नाशकातल्या एका संस्थेनं युद्धातून पळून आलेल्यांसाठी 'अर्थ शोधा' नावाचा उपचार काढला होता. अख्ख्या तालुक्यात असा माणूस एकच सापडल्यानं निकिता मॅडम दर गुरुवारी त्याच्यावरच तुटून पडत. सोबत तक्ता, रंगीत पेनं आणि फोटो काढायला ड्रायव्हर.

"दादा, दुःखातूनही जगण्याचा अर्थ सापडतो. तुमचा इथं लिहा."

"आधी सहादूची नळी बंद करा. मंग लिहितो."

"बाहेरचं आपल्या हातात नसतं दादा. आपली दृष्टी असते."

"सहादू कुठला बाहेरचा? बांधाला बांध हाय त्याचा!" छाया तडकली. "पंधरा दिवसांत माल उतरवायचाय. हे खोलीतून निघंनात, मी एकटी बाग कशी काढू?"

मॅडमनी तेही लिहून घेतलं. लिहिण्यात बाई पटाईत.

शेवटी छायाच बांधावर गेली, नळी बंद करा म्हणाली. सहादू हसला. "वहिनी, लढाई सुदानात, पाखरं माझ्या बागंत. नळी ठेवतो खाली. तुमचा शूरवीर हाकलतो का माझी पाखरं?"

खोलीचं दार कुरकुरलं. मोतीराम बाहेर आला, पांढराफटक.

"हाकलतो. दोन्ही बागा. डबडं वाजवून. माझ्या हातच्या आवाजाला मी नाय भीत. पण नळी माझ्या घरी राहील."

सहादूला फुकटचा राखणदार मिळाला. त्यानं लगेच नळी आणून दिली. दाढीचा खर्चही वाचवणारा माणूस तो.

पुढच्या गुरुवारी मोतीराम डबडं बडवत बागेतून फिरत होता. मॅडमनी त्याला थांबवलं, ड्रायव्हरकडून फोटो काढून घेतला, तक्त्यावर मोठ्या अक्षरात 'सेवा' लिहिलं.

"सापडला ना अर्थ? आता कसं वाटतंय?"

"बाजूला व्हा मॅडम, तुमच्या मागं साळुंक्या उतरल्या."

दोनदा डबडं वाजवून त्यानं त्या उडवल्या. मग छायानं हाक मारली तसा खाली बसून ठिबकच्या तुंबलेल्या नळ्या झटकायला लागला.