आप्पांनी न दिलेला पूल

शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांत खरं बोलून स्वतःचं एवढं नुकसान करून घेतलेला माणूस आप्पांशिवाय दुसरा नसावा. निदान माझ्या माहितीत तरी नाही. आप्पा म्हणजे माझ्या वडिलांचे लांबचे मावसभाऊ, शिरूरच्या सहकारी बँकेचे चेअरमन आणि दोनदा निवडून आलेले आमदार. बँकेत त्यांना गादीची खुर्ची होती, पण तिच्यावर ते कडेलाच बसत. "पाठ टेकली की समोरचा मानूस ल्हान दिसाया लागतो," म्हणत. कर्ज मागायला कोणी आला की कागद बघण्याआधी ते त्याच्या बायकोला बोलावून घेत आणि तिला विचारत, "ह्यो पैशाचं काय करनार हाय, तुला ठावं हाय का?" तिला ठाऊक नसेल तर अर्ज परत. त्यामुळे नवरे धुसफुसत आणि बायका आप्पांना लांबूनच नमस्कार करत.

सगळ्यांत अवघड सवय मात्र बाजाराच्या दिवसाची. मुंबईचं अधिवेशन संपलं की ते बँकेच्या पायरीवर उभे राहून आपण तिथे काय केलं ते लोकांना सांगत. काही केलं नसेल तर तेही सांगत. "ह्या खेपेला म्या एकदाबी बोललो न्हाई. दोनदा डुलकी लागली," हे मी स्वतः ऐकलं आहे.

तिसरी निवडणूक भीमेवरच्या पुलावर अडली होती. आमचं गाव शिरूरच्या बाजूला, पुण्याची रेल्वे दौंडला, मध्ये नदी. पावसाळ्यात नाव बंद पडली की माझं कॉलेज बुडे, आणि आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. मतदानाआधीच्या बाजाराला आप्पा पायरीवर निघाले, तेव्हा कार्यकर्ते हात धरून विनवू लागले, "आप्पा, आठ दिस गप ऱ्हावा." आप्पांनी हात सोडवला आणि लोकांना सांगितलं, "पूल नामंजूर झालाय. इतक्यात व्हनार न्हाई." समोरच्या उमेदवाराने वर्षात पूल देतो म्हणून सांगितलं. आप्पा पडले.

माझं ते पहिलंच मत. मी ते आप्पांना दिलं नव्हतं. चार दिवसांनी बँकेत जाऊन सांगून टाकलं. आप्पा खुर्चीच्या कडेला बसले होते. म्हणाले, "सांगितलंस, बरं केलंस. पूल झाला म्हंजी पयला तू जा. माझ्या वाटचंबी चाल."

आप्पा जाऊन वर्ष झालं. पूल झालेला नाही. सुट्टीत घरी जाताना मी अजून नावेतच बसतो. पाठ टेकायला फळी असते, पण मी कडेला बसतो.