कांजण्यांची सुट्टी

लग्न होऊन न्हावऱ्याला आले, त्याच्या दुसऱ्या वर्षी मला कांजण्या झाल्या. घरात कुणी तो शब्द उच्चारत नसे. आई आली, म्हणायचे. सासूबाईंनी दाराला लिंबाचा डहाळा खोचला, घरातली फोडणी बंद केली आणि मला पाल्यावर निजवलं.

मी तेव्हा शिरूरकडच्या एका कंपनीत वायरी जोडायच्या लाइनवर टेंपररी होते. दीर बूथवर जाऊन सुपरवायझरला फोन करून आले.

"वैनी, साहेब म्हणतोय, एक्स्पोर्टचा माल अडलाय. सगळ्यांना आत्ताच कसं आजारपण सुचतंय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात जीप थांबली. सुपरवायझर स्वतःच आला होता. माझ्याच वयाचा, दौंडचा मुलगा. सासूबाई दारात आडव्या उभ्या राहिल्या.

"साहेब, घरात आई हाय. तुमी आत येऊ नगा, आन् पोरीलाबी न्हेऊ नगा."

"आजी, मला वरून विचारतात. दोन दिवस येऊ दे तिला. नाही आली तर पुढच्या महिन्यात तिचं नाव राहणार नाही. ते माझ्या हातात नाही."

मी भिंतीला धरून उठले. "सर, हे दुसऱ्याला लागतं. माझ्या शेजारी पोटुशी बाई बसते."

"तुला वेगळी बसवतो," तो म्हणाला.

त्यानं शब्द पाळला. त्याच्या केबिनबाहेर मला एकटीला टेबल दिलं. वायरींचे जुडगे तोच आणून द्यायचा आणि झालेलं काम तोच उचलून न्यायचा, म्हणजे बाकीच्या बायकांना माझ्याजवळ यावं लागू नये. त्या पोटुशीला काहीच झालं नाही.

त्याला झालं. पंधरवडा उलटला असेल. एका सकाळी तो गळ्याला मफलर गुंडाळून आला. कपाळावर पाण्याचे फोड होते. केबिनच्या दाराला टेकून तो उभा राहिला, तेव्हा मी म्हणाले, "सर, घरी जा. अंग टाकून पडून राहा."

"सकाळीच फोन केला होता मॅनेजरला," तो म्हणाला. "ते म्हणाले, तू लोकांना घरातून उचलून आणतोस, मग तू कसा घरी बसतोस?" आणि तो हसला. हसता हसता त्याला जी खोकल्याची उबळ आली, ती थांबेना.

तरी तो कामावर येत राहिला. मग एक दिवस त्याला धाप लागली आणि जीपमधूनच दौंडला दवाखान्यात नेलं. मोठ्या माणसाला हे फुप्फुसात उतरतं म्हणे. तो गेल्याचं कळलं तेव्हा लाइन थोडा वेळ थांबली, मग परत सुरू झाली.

काही दिवसांनी त्याची आई एसटीनं आमच्याकडं आली. आता ही काय बोलेल, म्हणून मी आतच थांबले. पण तिच्या आवाजात राग नव्हता.

"माझा पोरगा हितं आला व्हता ना?"

"व्हय, बाई," सासूबाई म्हणाल्या.

"काय म्हणाला?"

सासूबाई म्हणाल्या, "पोरीची चौकशी केली. च्या घेतला आन् गेला. लई गुणी व्हता."

त्या दिवशी आमच्याकडं चहा झालाच नव्हता.

"कुठं उभा व्हता?"

सासूबाईंनी उंबऱ्याबाहेरची जागा दाखवली. ती बाई तिथंच खाली बसली. पाणी दिलं तर नको म्हणाली. एसटीची वेळ होईपर्यंत हाताचा तळवा जमिनीवर टेकवून बसून होती.

मी नोकरी सोडली नाही. खाडा झाला तर नवा सुपरवायझर फोनची वाटसुद्धा बघत नसे, सरळ जीप धाडायचा. दारात हॉर्न वाजला की सासूबाईंच्या हातातलं काम खाली पडायचं.

सासूबाई पुढं कधी उंबऱ्याबाहेरच्या त्या जागेवर पाय देईनात. बाहेर पडताना अंग चोरून कडेनं जायच्या. कुणी विचारलं तर म्हणायच्या, तिथं निसरडं हाय. उन्हाळ्यातही तेच सांगायच्या. सासूबाई वारल्यानंतर एकदा माझ्या लक्षात आलं, मीही कडेनंच जाते.